जालन्यात थाई हॉटेल: ‘अस्सल’ या शब्दाचा पाचशे वर्षांचा हिशेब

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काही जणांनी मला फोन केले. “सर, इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे हॉटेल कुठून आलं?” प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी हा विषय कसा निघाला ते सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

काही महिन्यांपूर्वी एक तरुण मला भेटायला आला. आपल्याच जिल्ह्यातला, वडिलांची मोसंबीची बाग. त्याने हॉटेल मॅनेजमेंट केलंय, मोठ्या शहरांतल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काही वर्षं काढलीत आणि आता त्याला गावी परतायचंय. परतून जालन्यात थाई जेवणाचं हॉटेल काढायचंय. पाटीसुद्धा त्याच्या डोक्यात तयार होती, ‘अस्सल थाई जेवण’. वडील म्हणाले, “चायनीजची गाडी टाक, चालेल. धाबा टाक, चालेल. थाई इथं कोण खाणार? आणि अस्सल म्हणजे काय, हे इथं कुणाला कळणार?”

पोरगा माझ्याकडे आला तो सल्ला मागायला नव्हे, दाखला मागायला. म्हणाला, “सर, तुम्ही इतिहास शिकवलात. बाहेरचं जेवण एखाद्या गावात रुजतं कसं, हे इतिहासात असेल ना कुठे?” मी म्हटलं, आहे. पण तू समजतोस तसं सरळ नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या पोराला मी दिलेलं लांबलचक उत्तर आहे. त्यात कर्जाचा प्रश्न आहे, बापलेकाचा प्रश्न आहे, म्हणून मी ते गंमत म्हणून घेतलेलं नाही.

जालना आणि परकी माणसं

पहिला मुद्दा वडिलांच्या प्रश्नाचा. “इथं कोण खाणार?” या प्रश्नामागे एक समजूत असते, की आपलं गाव म्हणजे आडबाजूचं, बाहेरचं वारं न लागलेलं. जालन्याचा इतिहास तसा नाही.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ती म्हण शेतीवरून पडली नाही, पेठेवरून पडली. 1679 च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी जालन्यावर स्वारी केली ती इथली पेठ मुघली मुलखातली श्रीमंत पेठ होती म्हणून. महाराजांच्या अखेरच्या मोठ्या मोहिमांपैकी ती एक. पुढे 1803 साली याच जिल्ह्यात, असईला, शिंदे आणि भोसल्यांची फौज एका बाजूला आणि वेलस्लीची इंग्रजी फौज दुसऱ्या बाजूला अशी लढाई झाली. त्यानंतर निजामाच्या मुलखात इंग्रजांची छावणी जालन्यात बसली. छावणी म्हटली की मद्रासी शिपाई आले, गोरे अधिकारी आले, त्यांचे खानसामे आले, बाजारबुणगे आले. 1900 च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे आली. कापूस बाहेर जाऊ लागला, मारवाडी-गुजराती व्यापारी स्थिरावले.

आणि अलीकडचं बघा. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे ‘महिको’ सुरू केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. बारवाल्यांना 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मग सळईचे कारखाने आले, त्यांच्याबरोबर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातले कामगार आले. 1 मे 1981 ला जिल्हा झाला. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला, डिसेंबर 2023 मध्ये जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली. तेव्हा हे गाव परक्या माणसांना आणि परक्या मालाला नवखं नाही. नवखं असेल तर ते एवढंच, की आपण हा इतिहास जेवणाच्या ताटावर कधी मांडून बघितला नाही.

भोकरदन, अजिंठा आणि सुवर्णभूमी

आता दुसरं टोक. थायलंड आणि आपला संबंध विमानानं पट्टायाला जाण्यापासून सुरू झाला असं कुणाला वाटत असेल तर थोडं मागं जाऊ.

आपल्या जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. 1970 च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथं उत्खनन केलं. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुटका भाग सापडला. अगदी त्याच घडणीची मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली होती. पॉम्पेई गाडलं गेलं इसवी सन 79 मध्ये. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी केळणा नदीकाठच्या गावाच्या कलेचं नातं रोमपर्यंत पोचलेलं होतं.

त्या काळी व्यापार फक्त पश्चिमेला चालत नव्हता. पूर्वेला ज्या मुलखाला आपले लोक ‘सुवर्णभूमी’ म्हणत, तो म्हणजे आजचा म्यानमार, थायलंड आणि त्या बाजूचा किनारा. थायलंडमध्ये कांचनाबुरी प्रांतात बान डोन ता फेट नावाच्या ठिकाणी कार्नेलियनचे, म्हणजे तांबड्या अकीकाचे, भारतीय धाटणीचे मणी आणि एक छोटा कोरीव सिंह सापडलाय. ते भोकरदनहून गेले असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण ज्या व्यापारी जगात भोगवर्धन होतं, त्याच जगाचं दुसरं टोक तिथं होतं, एवढं म्हणता येतं.

आणि एक दुवा तर आपल्या दारात आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातक रंगवलंय. राजपुत्र महाजनक व्यापारासाठी सुवर्णभूमीला निघतो, जहाज फुटतं, तो दिवसेंदिवस पोहत राहतो, हार मानत नाही, अशी ती कथा. थायलंडचे राजे भूमिबोल यांनी हीच कथा स्वतः नव्यानं लिहिली, 1996 साली ती प्रसिद्ध झाली आणि त्या देशात घरोघरी पोचली. म्हणजे जी कथा आपल्या शेजारच्या डोंगरात रंगवलेली आहे, ती थाई पोरं आपली म्हणून वाचतात. 2023 च्या सुरुवातीला थायलंडचे शंभरावर भिक्खू आपल्या शेजारच्या परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत चालत गेले, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती महाराष्ट्रातल्या कितीतरी विहारांत आहेत. मराठवाड्यातल्या साध्या माणसाला थायलंड कळला तो आधी विहारातून, मग टूर कंपनीच्या जाहिरातीतून. जेवण त्या मानानं फार मागून येतंय.

मिरचीची गोष्ट

आता ताटाकडे येऊ. थाई जेवण म्हटलं की पहिली गोष्ट सांगतात, तिखट. आणि मराठवाड्यातल्या माणसाला तिखटाचं काय कौतुक! आपण ठेच्यावर वाढलेली माणसं. पण मंडळी, ही मिरची ना आपली, ना त्यांची.

तारखा बघा. 1510 मध्ये पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कनं गोवा घेतला. 1511 मध्ये त्याच अल्बुकर्कनं मलाक्का घेतलं आणि लगेच दुआर्ते फर्नांदिस नावाचा वकील अयुथ्थयाला, म्हणजे तेव्हाच्या सयामच्या राजधानीला, पाठवला. एकच माणूस, एकच आरमार, दोन वर्षांत दोन दारं उघडली. अमेरिकेतून निघालेली मिरची सोळाव्या शतकात या जहाजी मार्गांनी आपल्याकडेही आली आणि त्यांच्याकडेही गेली. त्याआधी आपण तिखट कशानं करत होतो? मिऱ्यानं, पिंपळीनं, आल्यानं. तेही तसंच.

भाषेनं हा इतिहास जपून ठेवलाय. आपण काय केलं? नवं फळ मिऱ्यासारखं झणझणीत लागलं म्हणून मिऱ्याच्या नावावरून त्याला मिरची म्हटलं. थाई लोकांनी काय केलं? त्यांचा जुना शब्द ‘फ्रिक’. आज नुसतं फ्रिक म्हटलं की मिरची. मग बिचाऱ्या जुन्या मिऱ्याचं काय? त्याला म्हणतात ‘फ्रिक थाई’, म्हणजे ‘थाई मिरची’! पाहुणी घरची मालकीण झाली आणि मूळच्या मालकिणीला ओळख सांगायला ‘मी इथलीच हो’ असं म्हणावं लागलं. (हशा) दोन भाषा, दोन देश, पण घडलं एकच.

आणखी एक शब्द सांगतो. थाई भाषेत परक्या गोऱ्या माणसाला ‘फरांग’ म्हणतात, आपल्या ‘फिरंगी’चा भाऊ. आणि पेरूलाही फरांगच म्हणतात. पेरूही अमेरिकेचा, तोही परक्यांबरोबर आलेला.

आता थायलंडच्या ईशान्येकडचा, इसान भागाचा, जगप्रसिद्ध पदार्थ घ्या, सोम तम. कच्च्या पपईची कोशिंबीर म्हणा. उखळात लसूण-मिरची ठेचायची, त्यात शेंगदाणे, टोमॅटो, कच्च्या पपईचा कीस, लिंबू, ताडगूळ, माशाचं पाणी. आता मोजा. मिरची अमेरिकेची. शेंगदाणा अमेरिकेचा. टोमॅटो अमेरिकेचा. पपई अमेरिकेची. म्हणजे ज्याला ‘अस्सल थाई’ म्हणून जग डोक्यावर घेतं, त्यातल्या चार मुख्य वस्तू पाचशे वर्षांपूर्वी त्या देशात नव्हत्याच. आपल्या शेंगदाण्याच्या चटणीचंही तेच. दोघांनी एकाच पाहुण्यांना घरात घेतलं, फक्त दोघांचे उखळ वेगळे.

हे एवढ्यावर थांबत नाही. तिथं ‘फोय थोंग’ नावाचं सोन्याच्या तारांसारखं दिसणारं गोड आहे, अंड्याच्या बलकाचं. ते मूळचं पोर्तुगीज, आणि सतराव्या शतकात अयुथ्थयात राहणाऱ्या मारिया गुयोमार या मिश्र वंशाच्या बाईनं ते दरबारात रुजवलं असं मानतात. आपल्या गोव्याच्या बेबिंकात बलक का असतात, त्याचं उत्तरही त्याच घराण्यातलं. ‘मस्समन’ नावाची करी आहे, तिच्यात दालचिनी, वेलची, जिरं पडतं. ती तिकडे मुसलमान व्यापाऱ्यांबरोबर गेलेली. हैदराबादी सालन खाऊन वाढलेल्या जालनेकरानं ती पहिल्यांदा तोंडात घातली, तर तो म्हणेल, “ही तर ओळखीची दिसते.”

सरकारनं घडवलेली चव

इथं तो पोरगा मला म्हणाला, “म्हणजे सर, अस्सल असं काही नसतंच?” थांब म्हटलं, घाई करू नकोस. सगळंच बाहेरून आलं म्हणून सगळं सारखंच, असा निष्कर्ष निघत नाही. पण ‘थाई जेवण’ ही एक ठळक ओळख कशी झाली, ते आधी बघ.

1939 साली सयामचं अधिकृत नाव थायलंड झालं. पंतप्रधान होते फिबुनसोंग्क्राम, लष्करी गृहस्थ. कपडे कसे घालावेत, राष्ट्रगीताला कसं उभं राहावं, याचे हुकूम निघत होते. त्याच काळात, युद्धाच्या धामधुमीत, तांदळाच्या शेवयांचा एक परतलेला पदार्थ सरकारी उत्तेजनानं लोकप्रिय झाला, तो पाड थाई. शेवया परतायची पद्धत चिनी, त्यात चिंच, ताडगूळ, शेंगदाणे, आणि नावात ‘थाई’. आज जगात थाई जेवणाचा झेंडा म्हणून जो पदार्थ मिरवतो, तो वयानं आपल्या आजोबांएवढाच आहे.

दुसरा टप्पा 2002 चा. थायलंड सरकारनं परदेशात थाई हॉटेलं वाढवायची मोहीम काढली. ‘ग्लोबल थाई’ हे तिचं नाव. तेव्हा जगात साधारण 5,500 थाई हॉटेलं होती असं सांगत. त्यांनी कर्जं दिली, आचारी शिकवले, हॉटेलांचे नमुने तयार केले, माल पुरवायची सोय बघितली, आणि ‘थाई सिलेक्ट’ नावाचं प्रमाणपत्र सुरू केलं. कारण उघड आहे. हॉटेल उघडलं की तांदूळ विकला जातो, माशाचं पाणी विकलं जातं, आणि जेवून गेलेला माणूस पुढं विमानाचं तिकीट काढतो. 2024 मध्ये 20 लाखांहून जास्त भारतीय थायलंडला जाऊन आले. त्याच वर्षी तोम याम कुंग, म्हणजे कोळंबीचं आंबट-तिखट सार, युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं.

तेव्हा ‘अस्सल’ या शब्दामागे स्वयंपाकघर जेवढं आहे, तेवढंच सरकार आणि बाजारही आहे. हे मी टीका म्हणून सांगत नाही. उलट मला वाटतं, आपल्या ज्वारीच्या भाकरीसाठी, आपल्या मोसंबीसाठी कुणी अशी आखीव मेहनत घेतली असती तर!

दोन वाटा: गाडी आणि पंचतारांकित

बाहेरचं जेवण महाराष्ट्रात रुजलं कसं, हा आता तिसरा भाग. ढोबळमानानं दोन वाटा दिसतात.

पहिली वाट गरजेची. 1942 साली माटुंग्यात रामा नायक यांनी उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं ते घर सोडून मुंबईला आलेल्या दक्षिणेकडच्या नोकरदारांसाठी. तिथं जेवणारा आधी आपल्या घरची चव शोधत आला. बाकीचे त्याच्या मागून आले, आणि इडली-डोसा बघता बघता महाराष्ट्राचा झाला. फाळणीनंतर पंजाबी जेवण असंच पसरलं. या वाटेवर गिऱ्हाईकच चवीची राखण करतं. सांबार बिघडलं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी आत येऊन सांगतं.

दुसरी वाट नवलाईची. चिनी जेवण घ्या. मुंबईत नेल्सन वांग यांनी 1975 साली चिकन मंच्युरियन केलं, असं ते सांगत. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला मसाला, त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. मंच्युरियात असा पदार्थ नाही. पण तो आज आपल्या प्रत्येक लग्नाच्या मांडवात आहे, प्रत्येक बसस्टँडबाहेरच्या गाडीवर आहे. लाल रंग, कोबी, ‘शेजवान’ चटणी. मी त्याला नावं ठेवणार नाही. तो मुंबईचा अस्सल पदार्थ आहे. फक्त तो चीनचा नाही.

थाई जेवण महाराष्ट्रात या दोन्ही वाटांनी आलं नाही. इथं थाई वस्ती नव्हती, म्हणजे राखण करणारं गिऱ्हाईक नव्हतं. ते आलं पंचतारांकित दारानं. 1993 साली मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलमध्ये ‘थाई पॅव्हिलियन’ सुरू झालं. शेफ आनंद सॉलोमन. थाई स्वयंपाक तिथं जाऊन शिकलेले. 1991 नंतरचे दिवस, लोक नुकतेच परदेशवाऱ्या करू लागलेले. थाई भाजीपाला तेव्हा मुंबईच्या मंडईत सहज मिळायचा नाही. पण त्या हॉटेलानं एक गोष्ट सिद्ध केली, की गिऱ्हाईक माहीतगार नसलं तरी आचारी स्वतः राखण करू शकतो. पुढे पुणे-नाशिककडचे शेतकरी हॉटेलांसाठी बेसिल, लेमनग्रास, ब्रोकोली काढू लागले. म्हणजे चव आधी आली, शेती मागून आली.

आता जालन्यात प्रश्न असा की पहिली वाट नाही, पंचतारांकितही नाही. उरते गाडीची वाट. आणि तिचा धोका मी स्वतः चाखलाय. एका जिल्ह्याच्या गावी, गावाचं नाव घेत नाही, मेनूकार्डावर ‘थाई ग्रीन करी’ वाचून मागवली. आली ती पालक पनीरची ग्रेव्ही, वरून नारळाचं दूध आणि भरपूर गरम मसाला. वेटरला विचारलं, तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, “साहेब, इथं सगळे अशीच खातात.” (हशा) त्याचं चुकलं नाही. पण मेनूकार्डाचं चुकलं.

मग अस्सल म्हणजे काय?

इथं मी माझं उत्तर मांडतो. वस्तूंच्या यादीत अस्सलपणा शोधला तर हाती काही लागत नाही, ते आपण पाहिलं. तो सापडतो रीतीत.

रीत पहिली, वाटण. थाई स्वयंपाकाचा जीव उखळात आहे. मिरची, लसूण, छोटे कांदे, गवती चहाचा बुंधा, कोथिंबिरीची मुळं हे सगळं ताजं ठेचायचं. ज्या घरात खलबत्त्यात ठेचा होतो, त्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्या ‘नाम फ्रिक’ला मी बिनदिक्कत ठेच्याची मावसबहीण म्हणतो. रीत दुसरी, परतणं. नारळाचं घट्ट दूध आटवून तेल सुटलं की त्यात वाटण परतायचं. आपल्याकडे आई सांगते ना, “तेल सुटू दे,” तेच. फोडणी मात्र नाही. मोहरी-हिंगाला तिथं काम नाही. रीत तिसरी, तोल. खारट, आंबट, गोड, तिखट हे चारही एकमेकांना धरून राहिले पाहिजेत. आपल्या चिंच-गुळाच्या आमटीत हा तोल आहेच. रीत चौथी, भात. थाई भाषेत ‘जेवलास का’ हे विचारताना शब्दशः ‘भात खाल्लास का’ असं विचारतात. आपल्याकडे ‘भाकर खाल्ली का’ म्हणतात तसं. तेव्हा करी हे सूप नव्हे, ते भाताचं कालवण आहे.

आता अडचणीचे मुद्दे. टाळून चालणार नाही.

पहिला, माशाचं पाणी, ‘नाम प्ला’. खारवून महिनोन्‌महिने मुरवलेल्या माशांचा अर्क. थाई खारटपणा म्हणजे हा. जालन्यात व्यापारी समाज मोठा, जैन-मारवाडी घरं मोठी, माळकरी घरं मोठी. तिथं हे चालायचं नाही. मग शाकाहारी थाई म्हणजे नकली थाई का? नाही. थायलंडमध्येच ‘जे’ नावाची शाकाहाराची परंपरा आहे. तिथल्या चिनी वंशाच्या लोकांनी जपलेली. दरवर्षी साधारण आपल्या नवरात्राच्या आगेमागे नऊ दिवस पाळतात. फुकेतमधला उत्सव तर प्रसिद्धच आहे. मांस, मासे, अंडी, दूध नाही. आणि कांदा-लसूणही नाही! पिवळ्या झेंड्यांनी बाजार फुलतात. खारटपणासाठी सोया आणि मुरवलेलं सोयाबीन. आता सांगा, कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या जालन्याच्या जैन घराला याहून अस्सल थाई पान कुठलं वाढणार? पोराला मी म्हटलं, पनीर घालून तडजोड करू नकोस, ‘जे’ शिकून ये.

दुसरा मुद्दा जास्त नाजूक, तुळशीचा. थायलंडमध्ये रोजच्या जेवणातला अगदी साधा पदार्थ म्हणजे फाट कफ्राव. खिमा, मिरची, लसूण आणि मूठभर कफ्राव. हे कफ्राव म्हणजे आपली तुळस. जात एकच. जे रोप आपल्या अंगणात वृंदावनात आहे, ज्याचं आपण लग्न लावतो, ज्याची माळ वारकऱ्याच्या गळ्यात आहे, ते तिथं खिम्यात परततात. त्यांच्या लेखी त्यात काही अपमान नाही. आपल्या लेखी तो विषय वेगळा. इथं अस्सलपणासाठी हट्ट धरायचा का? माझं मत, नाही. तिथली दुसरी, गोड वासाची तुळस आहे, ‘होराफा’. आपल्या सब्जाच्या जवळची. ती वापर. पण मेनूकार्डावर दोन ओळी लिही की मुळात या पदार्थात कफ्राव पडतं, आम्ही इथं का घालत नाही. गिऱ्हाईक वाचेल, घरी जाऊन सांगेल. बदल केला याची लाज नको, लपवल्याची हवी.

तिसरा मुद्दा मालाचा. गवती चहा आपल्या परसात आहे. चिंच आहे, गूळ आहे, शेंगदाणा आहे. गलांगल म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या कुळिंजनाचं ताजं रूप. वाळकं मुळी औषधाला ठीक, वाटणाला ताजं हवं. सुवासिक तांदूळ म्हणाल तर थाई जास्मिनचा आणि आपल्या आंबेमोहोराचा सुगंध रसायनाच्या भाषेत एकाच घटकाचा आहे. राहता राहिलं त्यांचं खरबरीत सालीचं लिंबू, ज्याच्या पानाशिवाय तोम यामला वास येत नाही.

आणि इथं मला त्या पोराच्या वडिलांची आठवण आली. लिंबूवर्गातलं झाड जगवायचं कसं, हे या राज्यात जालन्याच्या मोसंबीवाल्या शेतकऱ्याइतकं कुणाला कळतं? 2012-13 च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या. लोकांनी टँकरनं पाणी घालून झाडं जगवायची धडपड केली, कित्येकांनी शेवटी कुऱ्हाड लावली. ते दिवस ज्यानं पाहिले, तो पोराला ‘कर्ज काढू नकोस’ म्हणतो तेव्हा त्याला भित्रा म्हणू नये. पण बागेच्या बांधाला दहा झाडं त्या लिंबाची लावून बघायला त्याच्याइतका जाणता माणूसही दुसरा नाही. मुंबईत चव आधी आली, शेती मागून आली. इथं बापलेकांनी ठरवलं तर दोन्ही एका घरातून निघू शकतात.

पाटी

तर मंडळी, शेवटी पाटीवर काय लिहायचं? मी त्या पोराला म्हटलं, ‘अस्सल’ हा शब्द जरूर लिही, पण त्याचा अर्थ ‘जसंच्या तसं’ असा घेऊ नकोस. जसंच्या तसं थायलंडमध्येही काही राहिलेलं नाही. मिरची आली तेव्हा तिथल्या बायांनी मिरं टाकून दिलं नाही, त्याला नवं नाव देऊन शेजारी ठेवलं. अस्सल म्हणजे हिशेब चोख. कुठून घेतलं, काय बदललं, का बदललं, हे विचारणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. आणि पहिली सहा महिने मोठं हॉटेल नको. चार टेबलं, सहा पदार्थ, त्यांतले तीन ‘जे’चे. राखण करणारं गिऱ्हाईक इथं नाही, तर ते तुलाच तयार करावं लागेल, एका वेळी एक टेबल.

परवा त्याचा फोन आला होता. हॉटेल अजून उघडलेलं नाही. पण वडिलांनी विचारलंय, “ते तुझं लिंबाचं कलम मिळतं कुठं?”

इतिहास शिकवणाऱ्याला याहून जास्त काय हवं.

श्रोत्यांमधून एक प्रश्न

प्रश्न असा आला आहे: “आपलंच जेवण मागं पडत चाललंय, ज्वारी मागं पडतेय, आणि तुम्ही थाईचं कौतुक करता, हे बरोबर आहे का?”

चांगला प्रश्न आहे. ज्वारी थाई करीमुळे मागं पडली नाही. रेशनचा गहू-तांदूळ, कापूस, सोयाबीन, बदललेली मजुरी अशी त्याची कारणं आहेत, आणि तो एका वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. पण एक सांगतो. जो मुलगा दुसऱ्याच्या वाटणात कोथिंबिरीचं मूळ घालायचं की पान, यासाठी जीव टाकतो, तो उद्या आपल्या आजीला येसर कसा भाजायचा हेही नेमकं विचारेल. दुसऱ्याच्या चवीबद्दल काटेकोर असणारा माणूस स्वतःच्या चवीबद्दल निष्काळजी राहत नाही. मला तरी तसा कुणी भेटलेला नाही.